न दुखणारी जखम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९५ च्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी त्यांना म्हटलं, ती वाटचाल ऐकून कुणाचं काही भलं व्हायचं नाही. त्यापेक्षा मला पायांवर बोलू द्या. ते जरा घोटाळले, पण मग म्हणाले, "वाटचालीला पाय लागतातच, बोल."

आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलाजवळ चहाचे दोन थर्मास होते. एकावर 'बिनसाखर' अशी चिठ्ठी होती. तो आधी संपला. गॅदरिंगच्या दिवशी चहा गोड नाही म्हणून कुरकुर करणारी हीच मंडळी! तीस वर्षांत आपण कुठे आलो ते त्या थर्मासनं सांगितलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह असलेल्या शंभर माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला लवकर न भरणारी जखम होते, असा जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज आहे. म्हणजे या सभागृहात हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा नाही.

मी डॉक्टर नाही. औषधं सांगायला मी इथं उभी नाही. माझ्या वडिलांच्या तळपायावरच्या एका जखमेनं सहा महिने आमचं घर व्यापलं होतं. त्यातले पहिले साडेतीन महिने आम्ही जे केलं ते मनापासून केलं आणि जवळजवळ सगळं वाया गेलं. ते का वाया गेलं, तेवढंच मला सांगायचं आहे.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं उभ्यानं नोकरी. निवृत्त झाल्यावर दरवर्षी ते माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालत जात. साखर होतीच, अठरा वर्षांची. गोळ्या चालू होत्या. त्या वर्षी वारीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आईला स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल ठिपके दिसले, सारख्या अंतरावर. तिला वाटलं, नातवानं कुंकवाचा करंडा सांडला. मग ध्यानात आलं की ते ठिपके अण्णांच्या मागोमाग चाललेत. उजव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याहून जरा लहान जखम होती. बूट झटकला तेव्हा आतून खडीचा तुकडा पडला. तो घेऊन ते किती कोस चालले, पांडुरंगालाच ठाऊक.

आम्ही सगळे घाबरलो. अण्णा म्हणाले, "अगं, काय दुखत न्हाई न् काय न्हाई. जाईल आपोआप." आणि आम्ही त्या वाक्यावर विसंबलो.

मग सुरू झालं ड्रेसिंग. आधी घरची हळद झाली होतीच, ती बंद केली. गावातल्या दवाखान्यात रोज पट्टी बदलायची. मी पुण्याहून महागडी मलमं पाठवली, परदेशी बनावटीच्या पट्ट्या पाठवल्या. दर रविवारी भाऊ जखमेशेजारी पुतण्याच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. मला वाटायचं, बघा, किती शास्त्रशुद्ध चाललंय! आणि त्या ड्रेसिंगसाठी अण्णा रोज सकाळी दवाखान्यात चालत जायचे. एक किलोमीटर जायचं, एक किलोमीटर यायचं. रिक्षाला कशाला पैसे, पाय तर दुखत नाही.

दिवाळीत मी त्यांना पुण्याला आणलं आणि मधुमेही पायांवरच उपचार करणाऱ्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी पट्टी सोडण्याआधी विचारलं, "काका, फाटकापासून इथवर कसे आलात?" अण्णा अभिमानानं म्हणाले, "चालत." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मलम कोणतं लावता ते नंतर सांगा. जखमेवरून माणूस चालतोय तोवर मलमाला अर्थ नाही."

मग त्यांनी जी तपासणी केली, ती आम्ही साडेतीन महिन्यांत कुणाला करायला सांगितलीच नव्हती. एक नायलॉनचा जाडसर धागा, टोकानं टेकवला की १० ग्रॅम जोर पडल्यावर वाकतो असा. अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळपायावर ठिकठिकाणी तो धागा टेकवला. जाणवलं की "हो" म्हणायचं. अण्णा डोळे मिटून शांत बसून राहिले. डॉक्टर धागा टेकवत होते, धागा वाकत होता आणि अण्णा वाट बघत होते, हे सुरू कधी करणार म्हणून. दहा जागांपैकी दोन ठिकाणी ते "हो" म्हणाले. आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

पुढची तपासणी रक्ताची. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या अंगाला, मागे, असे दोन ठोके हाताला लागतात. ते पाहिले. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडातला रक्तदाब यांचं गुणोत्तर काढलं. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाकडचा रक्तपुरवठा कमी असल्याचा संशय घेतात. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्यातला दाबही मोजतात. नंतर एक निर्जंतुक बोथट सळई जखमेत हळूच घालून हाड लागतं का ते पाहिलं. हाड लागलं असतं तर जंतू हाडापर्यंत पोचल्याचा दाट संशय, आणि मग आठवडेच्या आठवडे प्रतिजैविकं किंवा शस्त्रक्रिया. आमचं नशीब, हाड लागलं नाही. शेवटी त्यांनी जखमेच्या कडेचा जाड घट्टा आणि मेलेली कातडी ब्लेडनं तासून काढली. भूल दिली नाही, द्यावी लागली नाही. घट्टा निघाल्यावर कळलं की जखम वरून दिसत होती त्याहून मोठी होती. तो घट्टा म्हणजे बुटातली दुसरी खडीच. प्रत्येक पावलाला आतलं मांस दाबणारी.

आता ही जखम भरत का नाही, ते मला समजलं तसं सांगते.

साधी जखम झाली की रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी येऊन सफाई करतात, मग नवीन लालसर मांस येतं आणि कडेनं कातडी सरकत येऊन झाकण घालते. मधुमेहात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की तीन ठिकाणी बिघाड होतो. पायाच्या नसा मरतात, त्यामुळे स्पर्श आणि वेदना जाते. घामही येईनासा होतो म्हणून कातडी कोरडी पडून भेगा पडतात. पायाचे लहान स्नायू दुबळे होऊन बोटं आकडतात आणि चवड्यावर भार वाढतो. दुसरं, रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणजे दुरुस्तीचं सामान वेळेवर पोचत नाही. तिसरं, पांढऱ्या पेशींचा जोर कमी पडतो आणि जंतूंचं फावतं. या तिन्हीच्या वर आपण काय करतो? त्या अर्धवट विणलेल्या नव्या मांसावर सगळ्या शरीराचा भार टाकून हजारो पावलं चालतो. दिवसा विणायचं आणि दिवसाच उसवायचं.

तुमच्या-माझ्या पायात खडा गेला तर आपण दुसऱ्या पावलाला लंगडतो. लंगडणं हाच पायाचा पहिला उपचार. ते लंगडणं अण्णांचं हरवलं होतं. माझ्या कामात एक गोष्ट आम्ही नवीन मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतो: धोक्याची घंटा वाजत नसेल तर आधी घंटा चालू आहे का ते बघा. घरी मला ते सुचलं नाही.

डॉक्टरांनी मग अण्णांच्या पायाला गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घातलं. मोडलेल्या हाडाला घालतात त्याहून वेगळं, तळव्याला सगळीकडून नीट चिकटून बसणारं, म्हणजे भार एका जागी न पडता पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. मी विचारलं, "जखम झाकून टाकणार? रोज ड्रेसिंग नको?" ते म्हणाले, "हे आम्हाला कुष्ठरोग्यांनी शिकवलंय." घरी येऊन मी त्यावर वाचत बसले आणि त्या वाचनात मला आपल्याच देशातली एक गोष्ट सापडली.

पॉल ब्रँड नावाचे एक सर्जन होते. जन्म १९१४ सालचा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. आपण लहानपणी ऐकलंय ना, महारोग्याची बोटं झडतात? तेव्हा डॉक्टरांचाही समज असाच होता की या रोगात मांस आपोआप सडतं. ब्रँडना तसं दिसेना. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना, तर एका कुष्ठरोगी मुलानं पुढे होऊन किल्ली झटक्यात फिरवली. ब्रँडनी बघितलं, तर मुलाचं बोट हाडापर्यंत फाटलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. रात्रीतून बोटाचे तुकडे गायब होत, त्याचा शोध घेतला तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली! ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या हातापायांचं मांस भरून येण्याच्या लायकीचं असतं. नुकसान करते ती वेदनेची अनुपस्थिती आणि पुन्हा पुन्हा पडणारा दाब. म्हणून तळपायाच्या जखमांना प्लॅस्टर, आणि नंतर मऊ रबराच्या तळाच्या चपला. ज्यांना आज आपण एमसीआर चप्पल म्हणतो, त्यांचा वारसा तिथला आहे.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं मधुमेही माणसांचे पाय पाहिल्यावर त्यांना ओळखीच्या जखमा दिसल्या. रोग वेगळा, पण हरवलेली गोष्ट तीच. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या पायांवर शिकलेला धडा असा मधुमेह्यांच्या पायापर्यंत पोचला. ज्यांना आपण वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या पायांनी माझ्या बापाचा पाय वाचवला. हे मला आपल्या शाळेत सांगायचंच होतं.

या प्लॅस्टरची परीक्षाही झालेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तळपायाच्या जखमा असलेल्या मधुमेह्यांचे तीन गट केले. प्लॅस्टर घातलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांची जखम १२ आठवड्यांत भरली. काढता-घालता येणारा गुडघ्याएवढा बूट दिलेल्यांची ६५ टक्के, आणि अर्ध्या तळाचा बूट दिलेल्यांची ५८ टक्के. काढता येणारा बूट यांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हता. मग फरक का? दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी पावलं मोजायची यंत्रं लावून पाहिलं. लोक दिवसभरात जेवढं चालत होते, त्यातलं फक्त २८ टक्के चालणं त्या बुटात होत होतं. बाकीचं बूट काढून, घरातल्या घरात. प्लॅस्टर काढून ठेवता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

आपल्याकडे तर उंबऱ्याशी चप्पल काढणं हा संस्कार. अण्णा म्हणायचे, घरात कसली चप्पल, देवघर आहे. आईनं तोडगा काढला: घरातली वेगळी स्वच्छ एमसीआर चप्पल, ती कधी उंबऱ्याबाहेर जाणार नाही. देवाला चालतं, असं तिनंच ठरवून टाकलं.

एक सावधगिरीची गोष्ट. प्लॅस्टर सरसकट नसतं. पू झालेला असेल, पाय सुजून लाल झाला असेल, रक्तपुरवठा फार कमी असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो: पू काढणं, योग्य प्रतिजैविक, गरज पडली तर बंद धमनी फुग्यानं उघडणं किंवा बायपास. साखर आटोक्यात आणायला काही काळ इन्सुलिन लागू शकतं आणि जेवणात प्रथिनं कमी पडून चालत नाहीत. पोकळी करून स्राव ओढून घेणारं यंत्र, वाढीचे घटक असलेली मलमं, कातडीचं रोपण हेही उपचार आहेत आणि ते योग्य जागी उपयोगी पडतात. पण त्यांचा नंबर भार काढणं, मेलेलं काढणं, रक्त पोचवणं आणि जंतू आवरणं या चार गोष्टींनंतर लागतो. आम्ही उलट्या क्रमानं निघालो होतो. दुकानात मिळतं ते आधी.

आता माझी चूक. माझ्याकडे दर रविवारचा फोटो होता, शेजारी पट्टी होती. म्हणजे मोजमाप तयार होतं. डॉक्टरांनी मला एक नियम सांगितला: चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यानं कमी झालं नाही, तर ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी, उपचार बदला किंवा निदान पुन्हा तपासा. त्या रात्री मी सगळे फोटो काढून बसले. पहिल्या आठवड्यात लांबी २ सेंटीमीटर, रुंदी १.५, गुणाकार ३. चार आठवड्यांनी १.९ गुणिले १.५, म्हणजे जवळपास २.८५. दीडवर यायला हवं होतं. ऑगस्टमध्येच ती जखम सांगत होती की तुमचं काहीतरी चुकतंय. दिवाळीपर्यंत ४.८ झालं होतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे आलेख बघून पगार घेणारी मी, बापाच्या जखमेचा आलेख काढायला साडेतीन महिने लावले. रोज पाहिलं की रोज थोडं बरं दिसतं. मोजलं की खरं दिसतं.

प्लॅस्टरनंतर चार आठवड्यांनी मोजलं: १.५ गुणिले १.२, म्हणजे १.८. निम्म्याच्या खाली. आईनं देवापुढे साखर ठेवली; आमच्या घरात त्या काळात तेवढीच साखर होती. दर आठवड्याला प्लॅस्टर काढून, जखम तासून, नवं घालायचं. कमोडची खुर्ची आणली, वॉकर आणला. बत्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला बसवणं हे डॉक्टरपेक्षा आईला अवघड गेलं. अकराव्या आठवड्यात जखम मिटली.

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगायला मी परवानगी घेतली आहे. आपल्या खो-खोच्या संघातला एक गडी आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मला म्हणाला, "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग." त्याचं दुकान आहे. दिवाळीच्या गर्दीत नवा बूट लागून करंगळीला फोड आला. साखर होती, तंबाखू होती, पायातला रक्तपुरवठा कमी झालेला होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून पाडव्यापर्यंत गल्ल्यावर उभा राहिला. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पायाला वास यायला लागला. बाराव्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. आज तो जयपूर फूट घालून आलाय आणि सकाळी जिना आपल्या आधी चढला. पण त्यानं मला सांगितलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "दुखलं असतं ना, तर मी पहिल्याच दिवशी दुकान बंद केलं असतं."

अण्णांचा पाय वाचला आणि त्याचा गेला, यात हुशारीचा फरक नाही. अण्णांच्या धमन्या चालू होत्या आणि साडेतीन महिने जंतू आत शिरले नाहीत, एवढाच. आम्ही वाचलो ते आमच्या चुकीला वेळ मिळाला म्हणून. ती वेळ सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून घरी काय करायचं ते सांगून थांबते.

रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही पाय बघायचे. वरून, तळव्याकडून, बोटांच्या बेचक्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा, दिसत नसेल तर दुसऱ्यानं बघायचं. बूट घालण्याआधी झटकायचे आणि आत हात फिरवायचा. पाणी गरम आहे का ते पायानं बघायचं नाही, कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातानं. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, दुपारच्या उन्हात देवळाची अनवाणी प्रदक्षिणा, हे टाळायचं. नखं सरळ कापायची. घट्टा किंवा कुरूप घरी ब्लेडनं कापायचं नाही, औषधाची पट्टी लावून जाळायचं नाही. भेगांना तेल किंवा मलम चालेल, पण बोटांच्या बेचक्यात नको. तंबाखू, मिश्री, बिडी सोडायची. पायाच्या धमन्यांशी त्यांचं वैर आहे.

नवी जखम, फोड, रंग बदललेलं बोट, पू, वास किंवा पायाला सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप असेल तर रात्रीही. आणि जाताना चालत नाही, गाडीनं. अजून एक फसवं दुखणं: पाय गरम, लाल, सुजलेला, पण जखम नाही आणि वेदनाही फारशी नाही. आपण म्हणतो मुरगळला आणि तेल चोळतो. मधुमेह्याच्या पायात अशा वेळी आतली हाडं मोडत असू शकतात. चोळायचं नाही, भार द्यायचा नाही, दाखवायचं.

जखम भरली म्हणजे संपलं असंही नाही. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. अण्णांनाही चौदा महिन्यांनी झाली. पण या वेळी आईनं दुसऱ्या दिवशी पाहिली, डाळीच्या दाण्याएवढी. तीन आठवड्यांत भरली. वारी आता ते टीव्हीवर करतात, आणि दिंडीतल्या मंडळींना फोन करून बूट झटकायला सांगतात.

शेवटी एक तपासणी शिकवते. इंग्लंडमधल्या इप्सविच शहरातल्या डॉक्टरांनी ती बसवली. काही साधन लागत नाही. समोरच्याला आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एकेक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. जाणवलं की त्यानं "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची घंटा बंद पडत चालली आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. जखम व्हायच्या आधी.

मुख्याध्यापक सर, माझी शाळेकडे एक मागणी आहे. १४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. तोच दिवस जागतिक मधुमेह दिन असतो, कारण इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी नववीच्या मुलांना एक तास द्या आणि हा सहा बोटांचा स्पर्श शिकवा. संध्याकाळी घरी जाऊन ती आजी-आजोबांच्या पायाशी बसतील. नमस्काराला वाकतातच, या वेळी जरा जास्त वेळ थांबायचं, एवढंच. शिकवायला मी येईन, आणि तिसऱ्या रांगेतला आपला गडीही येतो म्हणालाय.

आपण सगळ्यांनी मात्र १४ नोव्हेंबरची वाट बघू नये. आज रात्री घरी गेलात की आईवडिलांचे पाय बघा, आणि मग स्वतःचे.